कोरड्या भुईचे झाड व ओल्या भुईचे झाड

गुरांस तहान लागली म्हणजे ती ओढ्याची वाट धरितात. पाखरे दुष्काळी मुलूख सोडून उडून जातात. माणूसही पोटासाठी बिऱ्हाड गाडीत घालून ऊसतोडीस निघतो, व आपल्या कित्येक मंडळ्यांची बाके दिवाळीनंतर रिकामी पडतात. परंतु झाडास पाय नाहीत. बी जेथे पडले, रोप जेथे उगवले, तेथेच त्यास जन्म काढावा लागतो. पाऊस उणा पडो की अधिक पडो, त्यास जागा बदलता येत नाही. मग ते जगते कसे? माळावर महिनोन् महिने थेंब पडत नसता बाभूळ हिरवी का राहते, आणि तळ्यात गळ्यापर्यंत बुडूनही कमळ का कुजत नाही, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे. उपदेशक बंधूंनी व शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांस घेऊन गावाबाहेर जावे व जी झाडे पुढे सांगितली आहेत ती डोळ्यांनी पाहून मग हा पाठ शिकवावा. झाडे फुकट आहेत व पुस्तकाहून बरी शिकवितात.

१. एकच जिल्हा, दोन मुलूख

दूर जाण्याचे कारण नाही. सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरी वर्षास साडेपाच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस पाचगणी वीस किलोमीटरांच्या आत आहे, परंतु तेथे त्याचा सुमारे तिसरा हिस्साच पडतो. घाट उतरून वाईस आलो की त्याहूनही पुष्कळ कमी. आणि माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूस, पाचशे मिलीमीटरांच्या आसपास पडला तर लोक वर्ष बरे म्हणतात. महाबळेश्वराहून दहिवडी सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात व तेथेच रिते होतात. डोंगराच्या पाठीमागे जे जातात ते बहुतेक कोरडे. म्हणून एकाच जिल्ह्यात, एकाच आभाळाखाली, जांभूळ व अंजनाची सदाहरित राईही आहे, आणि बोरी-बाभळीचा माळही आहे.

२. झाडाची तहान कशी असते

झाड मुळांनी पाणी ओढते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या पाण्याचे ते काय करिते? मुळांनी शंभर घागरी ओढल्या तर पंच्याण्णवांहून अधिक घागरी पानांवाटे वाफ होऊन हवेत जातात. झाडाच्या अंगी लागते ते थोडके. हा खर्च त्यास चुकविता येत नाही. कारण पानांस अतिशय बारीक तोंडे असतात; त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. ह्या तोंडांतून झाड हवेतील कर्बवायू आत घेते, व ऊन आणि पाणी ह्यांच्या योगे त्यापासून आपले अन्न करिते. तोंड उघडावे तर अन्न मिळते, पण ओल जाते. तोंड मिटावे तर ओल राहते, पण उपास घडतो. वनस्पतींचे सर्व शहाणपण ह्या एका पेचातून निघालेले आहे.

हे मुलांस दाखविणे सोपे आहे. पिंपळाची सारखी दोन पाने देठासह तोडावी. एकाच्या वरच्या अंगास व दुसऱ्याच्या खालच्या अंगास एरंडेल नीट चोळावे, दोन्ही देठांच्या तोंडासही थोडे लावावे, व पाने दोरीवर सावलीत टांगावी. ज्याच्या खालच्या अंगास तेल लाविले ते अधिक दिवस ताजे राहील. दुसरे आधी सुकेल. कारण पिंपळाच्या पानाची तोंडे खालच्या अंगास असतात. तेलाने ती बुजली म्हणजे ओल आत कोंडून राहते.

३. कोरड्या भुईच्या चार रीती

माळावरील झाडे पाण्याची टंचाई चार रीतींनी सोशितात.

पहिली रीत दुष्काळ चुकविण्याची. तेरडा पावसाबरोबर उगवतो, फुलतो, बी टाकतो व पाऊस सरल्यावर मरतो. वर्षाचे उरलेले महिने तो केवळ बीज होऊन मातीत असतो. उन्हाळा त्याने पाहिलेलाच नसतो. हरळी वरून वाळते, परंतु तिची कांडी भुईत जिवंत असतात, हे ज्याने शेतातून हरळी खणली आहे त्यास सांगावयास नको. पळस तर उन्हाळ्याच्या तोंडी आपली पानेच टाकून देतो. पाने नाहीत तर तोंडे नाहीत, व तोंडे नाहीत तर खर्च नाही. ओक्या फांद्यांवर फाल्गुनात फुले पेटतात तेव्हा झाड दुबळे झालेले नसते. त्याने खर्च आवरलेला असतो.

दुसरी रीत काटकसरीची. बाभळीचे पान पाहा: एक मोठे पान न करिता तिने लहान लहान पानोळ्या केल्या, त्या उन्हात मोठ्या पानाइतक्या तापत नाहीत. बोरीच्या पानाची खालची बाजू पांढुरकी, लवयुक्त असते. ती लव पानालगतची दमट हवा वाऱ्याने उडू देत नाही. रुईच्या पानावर पांढरी भुकटी असते, तीही आच्छादनच होय. कण्हेरीने तर आपली तोंडे पानाच्या खालच्या अंगास खळग्यांत दडविली आहेत, व खळग्यांत केस उगविले आहेत. ज्वारीचे ताट दुपारी पाहा. पाणी कमी पडले की पान सुरळी होऊन उभे राहते, म्हणजे उन्हास व वाऱ्यास त्याचे अंग थोडे लागते. सांज झाली की पान पुन्हा उलगडते. ह्यात मुळांचाही भाग आहे. बाभूळ, बोर व शमी ह्यांचे सोटमूळ फार खोल जाते. वर दिसते तेवढेच झाड नव्हे. अशा झाडाचा मोठा संसार भुईखाली असतो.

तिसरी रीत साठविण्याची. कोरफड व घायपात ह्यांच्या जाड पानांत आणि फड्या निवडुंगाच्या जाड फडांत पाणी साठलेले असते. निवडुंगाचा फड हे त्याचे पान नव्हे. ते त्याचे खोड होय, व काटे ही त्याची पालटलेली पाने. परंतु ह्या झाडांची खरी युक्ती डोळ्यांस दिसत नाही. ती आपली तोंडे दिवसा मिटून ठेवितात व रात्री, हवा गार असता, उघडितात. रात्री घेतलेला वायू त्यांच्या अंगात आंबट द्रव्य होऊन राहतो, व दिवसा मिटल्या तोंडाने, उन्हाच्या साहाय्याने, ती त्याचे अन्न करितात. ह्या गोष्टीचा धागा आपल्याच देशात सापडला. बेंजामिन हाइन हा मोरेव्हियन मिशनबरोबर हिंदुस्थानात आलेला जर्मन मनुष्य पुढे मद्रास इलाख्यात कंपनी सरकारचा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. त्याने पानफुटीचे पान चाखून पाहिले. ते सकाळी चुक्यासारखे आंबट लागले, दुपारी त्यास चव उरली नाही व सांजेस ते किंचित कडू लागले. १८१३ साली एका पत्रात त्याने हे लिहिले. त्याचे कारण उलगडण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली; परंतु नीट पाहून खरे लिहून ठेवणे हे त्याचे काम होते व ते त्याने केले. मुलांस मात्र हे पान चाखू देऊ नये. ते सर्वस्वी निरुपद्रवी नाही.

चौथी रीत सोसण्याची. घाटातील कातळावर व जुन्या भिंतींवर जे शेवाळ असते ते उन्हाळ्यात काळे पडून चुरा होण्याजोगे वाळते. पाणी राखण्याचे कोणतेच साधन त्यापाशी नाही. ते सुकते, परंतु मरत नाही. पहिल्या सरीने भिजले की थोड्याच वेळात पुन्हा हिरवे होते.

४. ओल्या भुईची अडचण

आता कोणी म्हणेल, पाण्यात राहणाऱ्या झाडास कसली चिंता? चिंता आहे, मात्र ती पाण्याची नव्हे, श्वासाची आहे. मुळेही जिवंत आहेत व त्यांसही प्राणवायू लागतो. चांगल्या भुईत मातीच्या कणांमध्ये हवेस जागा असते. ती जागा पाण्याने भरली की मुळे गुदमरतात, कारण पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. गुदमरलेल्या मुळास पाणी ओढण्याचे बळ राहत नाही. म्हणून पावसाळ्यात पाणी साचलेल्या वावरातील तूर माना टाकते. शेतकरी पाहतो तो पायाखाली पाणी, आणि रोप तर कोमेजलेले! ते रोप पाण्यात उभे राहून तहानेने मरत असते.

भात का मरत नाही? भाताच्या ताटात व मुळांत हवेच्या नळ्या असतात. पानांनी घेतलेली हवा त्यांतून चिखलातील मुळांपर्यंत पोहोचते. कमळाचा देठ आडवा कापून मुलांस दाखवावा. त्यात लांबच लांब पोकळ्या दिसतील. देठाचे एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकले तर बुडबुडे निघतात. कमळाच्या पानाची तोंडे पिंपळाप्रमाणे खाली नसून वरच्या अंगास असतात, आणि वर पाणी पडले तरी मोत्यासारखे घरंगळून जाते, म्हणून ती तोंडे बुजत नाहीत. शिंगाड्याच्या पानाचे देठ फुगलेले असतात. त्यांतील हवेने पाने तरंगतात. जी वनस्पती सर्वस्वी पाण्याखाली राहते तिची पाने पातळ व फितीसारखी असतात, व तिचे खोड मऊ असते. पाणीच तिचा भार वाहते. तिला बाहेर काढिले की ती ओल्या चिंधीप्रमाणे हातावर लोळते.

महाबळेश्वराच्या राईत आणखी एक गोष्ट दिसते. पावसाळ्यात तेथील झाडांच्या खोडांवर शेवाळ व नेचे दाट वाढतात आणि धुक्यातीलच ओल पितात. परंतु तेथेही पाऊस मुख्यतः चार महिन्यांचा. पुढे उन्हाळा येतोच, व कातळावरची माती थोडी. म्हणून तेथील अंजनाचे पान हिरवेगार असूनही जाड व चिवट आहे. पाऊस किती पडला एवढ्यावर झाडाची घडण ठरत नाही. तो किती दिवस टिकला ह्यावरही ती ठरते.

५. पाणी पुष्कळ, तरी तहान

घाट उतरून कोकणात खाडीवर गेलो तर ह्या दोन्ही अडचणी एका झाडापुढे उभ्या दिसतात. तेथील चिखलात तिवर उगवते. भरतीस त्याच्या बुंध्याशी पाणी, म्हणजे श्वासाची अडचण. ते पाणी खारट, म्हणजे पिण्याचीही अडचण. कारण खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी ओढणे मुळास फार कठीण. तिवराची मुळे चिखलातून बोटांसारखी उभी वर येतात व ओहोटीस हवा घेतात. अंगात आलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. कोरड्या दिवशी पानावर त्याचे कण दिसतात. आणि पान कसे? माळावरच्या झाडासारखेच जाड. पाण्याने वेढलेले असून त्यास दुष्काळी झाडाप्रमाणे राहावे लागते.

ही खाडीची गोष्ट देशावरच्या शेतकऱ्यास जवळची आहे. नीरा व प्रवरा ह्या नद्यांचे कालवे निघाल्यावर त्यांच्या काठच्या कित्येक काळ्या जमिनी पाणी अधिक झाल्यामुळे पाणथळ व चोपण झाल्या. वरचेवर पाणी भरल्याने भुईतील पाणी वर चढले, त्याबरोबर खालचे क्षार वर आले, व पाणी उडून जाऊन क्षार पृष्ठावर राहिले. मग त्या वावरात पाणी असूनही पीक तहानेने जळते. दुष्काळ आभाळातून येतो. हा दुसरा दुष्काळ आपल्या हाताने येतो.

६. हे गुण कोठून आले

येथे एक समजूत नीट करून घ्यावी. बाभळीने विचार करून पाने लहान केली, असे कोणी मुलांस सांगू नये. एका झाडाने आपल्या आयुष्यात आपली जात पालटली असेही नाही. एकाच झाडाच्या बियांपासून झालेली रोपे अगदी सारखी नसतात. कोरड्या मुलखात ज्यांचे मूळ किंचित खोल किंवा पान किंचित लहान, ती टिकली. त्यांचेच बी पुढे पडले. असे असंख्य पिढ्या होत होत आज दिसते ती घडण झाली. हे ऐकून कोणाचा विश्वास डळमळू नये. देवाने माळास झाड दिले हे आपण मानतो. ते कोणत्या वाटेने व किती काळाने दिले हे शास्त्र शोधिते. वाट लांब आहे म्हणून दाता लहान ठरत नाही.

७. मंडळीच्या उपयोगाच्या गोष्टी

मंदिराच्या व शाळेच्या अंगणात दर पावसाळ्यात उत्साहाने झाडे लाविली जातात, आणि चैत्रापर्यंत बहुधा काठ्या उरतात. ह्यात मुलांचे श्रम जातात, व झाडे आपल्याकडे जगत नाहीत अशी खंत लागते ती वेगळीच. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात धराव्या.

जागा पाहून झाड निवडावे. कोरड्या गावी कडुलिंब, चिंच, बोर, हिवर, शमी व सीताफळ ही लावावी. ओढ्याकाठी व ओलीच्या जागी जांभूळ, करंज, उंबर व वाळुंज लावावी. कोरड्यात टिकते म्हणून वाटेल ते झाड मात्र आणू नये. परदेशातून आलेल्या वेड्या बाभळीने किती गायराने गिळिली हे आपण पाहतोच.

रोप लावण्यापूर्वी काही दिवस त्याचे पाणी हळूहळू कमी करावे, म्हणजे ते कणखर होते. लाविल्यावर रोज तांब्याभर पाणी वरवर शिंपडू नये. वरची माती ओली राहिली की मुळे वरच राहतात, व एक दिवस पाणी चुकले की रोप जाते. त्यापेक्षा दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा घागरभर पाणी खोल मुरू द्यावे. मूळ ओलीच्या मागे खाली जाते. रोपाशेजारी मातीचे मडके पुरून त्यात पाणी भरून वर झाकण ठेविले तर ते पाणी हळूहळू पाझरते व वाया जात नाही. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा.

पिकांचेही तेच. शाळू काळ्या रानात साठलेल्या ओलीवर व दवात पिकते. उसास मात्र एका हंगामात दीड ते अडीच हजार मिलीमीटर पाणी लागते. जेथे आभाळ पाचशे देते तेथे बाकीचे कोठून येणार? कालव्यातून, नाही तर भुईच्या पोटातून, म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतूनही. १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला तेव्हाच्या खडी फोडण्याच्या गोष्टी आपल्या वडील माणसांपाशी आहेत. त्या तरुणांनी ऐकाव्या. ज्यास दुसरा आधार नाही त्या गरिबाने उसाचे चार पैसे मिळविले तर त्यास बोल लावण्याचा हा पाठ नव्हे. परंतु गावच्या पाण्याचा हिशेब बसतो तेव्हा ख्रिस्ती माणसाने गप्प बसू नये. पाणी हे शेजाऱ्यावर प्रीती करण्याचेही ठिकाण आहे.

८. शास्त्रवचनांचा प्रकाश

पेरणाऱ्याचा दाखला तीन शुभवर्तमानांत आहे. खडकाळीवर पडलेले बी का वाळले ह्याचे कारण मत्तय व मार्क मुळाच्या अभावात सांगतात. लूक ओलाव्याच्या अभावात सांगतो. वर्गात कोणी विचारील की ह्यांत खरे कोणते? आजचा पाठ ज्याने समजून घेतला त्यास उत्तर सोपे आहे. ओल खाली असते व तिजकडे जाण्याची वाट मूळ हीच असते. दोन कारणे नव्हत. एकाच कारणाची दोन नावे आहेत.

तसेच पहिले स्तोत्र व यिर्मयाचा सतरावा अध्याय शेजारी ठेवून वाचावे. यिर्मयाने वर्णिलेल्या पाण्याजवळच्या झाडासही उन्हाळा व अवर्षण चुकलेले नाही. त्याचे आभाळ इतरांच्या आभाळाहून निराळे नाही. त्याचे मूळ निराळ्या ठिकाणी पोहोचले आहे. देवावर भाव ठेवणाऱ्याच्या घरी दुष्काळ येत नाही असे जो उपदेशक सांगतो, तो लोकांस वरवर पाणी शिंपडतो. पहिल्या कडक वर्षी अशा श्रोत्याची श्रद्धा सुकते, आणि दोष त्याच्या एकट्याचा नसतो. प्रार्थना, वचनाचा नित्य अभ्यास, व ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबाच्या घरी जाऊन बसणे, ही कामे दिसत नाहीत. बाभळीचे मूळही दिसत नाही.

शेवटी, कोरड्या गावी नेमणूक झालेल्या बंधूंस एक शब्द. आपल्या गावाची तुलना पाणवठ्याच्या गावाशी करू नका. तेथे जे उपासनेचे वेळापत्रक चालते ते येथे चालणार नाही. येथे मंडळी अर्धे वर्ष फडावर असते. पळस पाने टाकतो म्हणून त्यास कोणी मेलेला म्हणत नाही. त्या महिन्यांत फडावरच एका कोपीपाशी चार कुटुंबे जमवून प्रार्थना चालू ठेवा, आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांस व मुलांस सोडू नका. पाऊस लागला की फांद्या कोठून फुटतात ते दिसेल.

वर्गात विचारावयाचे प्रश्न: पानाची तोंडे मिटल्याने झाडाचा लाभ कोणता व हानी कोणती? दुष्काळ सोसण्याच्या चार रीती कोणत्या, व आपल्या शिवारात प्रत्येकीचे एकेक झाड कोणते? पाणी साचलेल्या वावरात तूर का कोमेजते व भात का तरतो? आपल्या मंदिराच्या अंगणात कोणते झाड लावावे, व का? ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी तोंडाने नव्हे, पहिल्या पावसात कुदळ घेऊन द्यावे.